बॅक्टेरियाचा स्ट्रेस रिस्पॉन्स

उष्णता, मीठ, अ‍ॅसिड, उपासमार, रेडिएशन, अँटिबायोटिक असलं काही अंगावर आलं की बॅक्टेरिया पेशीतला कारभार बदलून तग धरतात, त्याला स्ट्रेस रिस्पॉन्स म्हणतात. आतड्यातला ई. कोलाय हा बॅक्टेरिया 37 डिग्रीला मजेत वाढतो, 42 ला नेला की काही मिनिटांतच हीट शॉक प्रोटीन, म्हणजे उष्णतेने बिघडणारी बाकीची प्रोटीन सांभाळणारी प्रोटीन, बनवायला लागतो. त्याची सूत्रं सिग्मा-32 कडे, म्हणजे कुठले जीन चालू करायचे ते ठरवणाऱ्या एका प्रोटीनकडे असतात, आणि गंमत म्हणजे हे सिग्मा-32 ज्यावरून बनतं तो आरएनए एरवी दुमडून बसलेला असतो, तापला की उलगडतो, म्हणजे वेगळा थर्मामीटर लागतच नाही. उपाशी पडला तर सिग्मा-एस हे तसंच दुसरं प्रोटीन पुढे येतं आणि वाढ थांबवून नुसतं टिकून राहायचं बघतं.

डीएनए तुटला की एसओएस रिस्पॉन्स. आधी नीट दुरुस्ती, ते जमलं नाही तर चुका करत का होईना कॉपी पूर्ण करणारी एन्झाइम्स, त्यामुळे म्युटेशन, म्हणजे डीएनएमधले कायमचे बदल, वाढतात. लोक इथेच गल्लत करतात. रिस्पॉन्स तात्पुरता असतो, स्ट्रेस गेला की बंद, पण म्युटेशन पुढच्या पिढ्यांत जातं. पेनिसिलिनमधून वाचणाऱ्या थोड्याशा सुस्त पेशी जोसेफ बिगर या संशोधकाने 1944 मध्येच दाखवल्या होत्या, त्या रेझिस्टंट, म्हणजे औषधाला कायमच दाद न देणाऱ्या, नव्हत्या, त्यांची पिल्लं पेनिसिलिनने मरायची. टीबीचं औषध बरं वाटलं तरी महिनोन् महिने घ्यावं लागतं ते बऱ्याच अंशी अशा सुस्त जंतूंमुळे, आणि माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या, औषधांना दाद न देणाऱ्या ज्या टीबीची 2012 च्या सुरुवातीला एवढी चर्चा झाली तो मात्र म्युटेशनवाला, खरा रेझिस्टंट.

बॅसिलस जातवाले स्पोअर, म्हणजे कडक कवचातली निद्रिस्त पेशी, करतात, ते उकळत्या पाण्यातही टिकू शकतात. मुंबईच्या दमट उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर राहिला तर बॅसिलस सेरियसचे स्पोअर उगवून विष तयार करू शकतात, आणि उलट्या करवणारं ते विष सकाळी फोडणी दिली तरी जात नाही. तेव्हा उरलेला भात रात्रीच फ्रिजमध्ये टाकावा.

सगळ्यात चिवट म्हणजे डायनोकोकस रेडिओड्युरन्स, 1956 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला गॅमा किरणं मारलेल्या डबाबंद मांसात सापडलेला. माणूस साधारण 5 ग्रेला (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) दगावतो, हा 5000 ग्रे खाऊन तुकडे झालेला डीएनए काही तासांत परत जोडतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यावर बरंच काम झालंय, त्याच्यात दुसऱ्या बॅक्टेरियाचा फॉस्फेटेज या एन्झाइमचा जीन घालून द्रावणातलं युरेनियम खाली बसवून दाखवलंय.