पेशी कमी, पण डेंग्यू नाही

पावसाळा सरता सरता जळगाव-धुळ्याकडे तापाच्या घरी एकच प्रश्न ऐकू येतो, "पेशी कितल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट. त्या घटल्या की डेंग्यू, असं आपण धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण क्वचित एखाद्याच्या पेशी दहा-वीस हजारांवर येतात, तेव्हा अंगभर सूक्ष्म गुठळ्या होत असतात आणि पेशी त्यांतच खर्ची पडतात. या आजारांच्या गटाला थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी म्हणतात.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे लगेच समजेल. ठिबकची मेन लाइन सहसा चोंदत नाही, चोंदतात ते ड्रिपर. इथंही अडतात त्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. एकेका मूत्रपिंडात अशा वाहिन्यांच्या सुमारे दहा लाख गाळण्या असतात, म्हणून त्याला फटका लवकर बसतो. लघवी कमी होते, पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो. मेंदूत अडथळा आला तर माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात.

अडलेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात. हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळसर होतात, कधी लघवी गडद होते. डेंग्यूत रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपला की रक्त उलट घट्ट होतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. फाटक्या पेशींचे त्रिकोणी, टोपीसारखे तुकडे काचपट्टीवर दिसतात, पण त्यासाठी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला हवा. यंत्राच्या छापील आकड्यांत ते सापडतीलच असं नाही.

या गटातल्या 'टीटीपी' (थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा) या आजाराचं पहिलं वर्णन न्यूयॉर्कच्या एली मॉश्कोविट्झ यांनी 1924 मध्ये केलं. रुग्ण 16 वर्षांची मुलगी होती. आपल्या रक्तात प्लेटलेटना चिकटवणाऱ्या एका प्रथिनाचे लांब दोर असतात आणि अ‍ॅडॅम्टीएस-13 नावाचं विकर (एन्झाइम) ते वेळोवेळी तोडतं. मोठ्या माणसांत बहुधा शरीर स्वतःच या विकराविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. विकराचं काम 10 टक्क्यांखाली आलं की दोर तसेच राहतात आणि प्लेटलेट त्यांना लोंबकळतात. यात मेंदूला धोका अधिक, मूत्रपिंड बरेचदा थोडक्यात सुटतं.

गटातल्या दुसऱ्या आजारात, 'एचयूएस'मध्ये (हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम), मूत्रपिंडच कोलमडतं. तो लहान मुलांचा आजार मानला जाई. पण 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या जुलाबाच्या साथीत 800हून अधिक लोकांना तो झाला, बहुतेक प्रौढ. संशय मोड आलेल्या मेथीवर गेला. आपल्या ताटातली मेथीची भाजी शिजलेली असते, तिला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या एका प्रकारात जुलाब नसतात, शरीराची 'कॉम्प्लिमेंट' ही संरक्षक साखळीच बेलगाम होते. तो कधी बाळंतपणानंतरही उफाळतो.

कापसाच्या शेतात घोणस चावल्यावरही असं घडू शकतं. प्रतिविषानं रक्त पुन्हा गोठू लागतं, घरचे सुस्कारा सोडतात, तरी प्लेटलेट घटत राहतात आणि मूत्रपिंड मंदावल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन रक्तात चढतं.

टीटीपीत प्लेटलेटच्या पिशव्या चढवायची घाई करत नाहीत. जिवावरचा रक्तस्राव असेल तरच देतात. रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) काढून दात्याचा भरतात, जोडीला स्टिरॉइड. पूर्वी दहातले नऊ रुग्ण दगावत, आता बहुतेक वाचतात. मात्र आजार उलटू शकतो, म्हणून बरं वाटल्यावरही त्या विकराची तपासणी ठरावीक काळानं करत राहावी लागते.