बोट किती वाजता कुठे असेल, हे पाणी ठरवतं

किनाऱ्यालगतच्या जलमार्गाने मोटरबोट न्यायची ठरली की बहुतेक जण नकाशा उघडतात आणि आधी अंतर मोजतात. अंतर 40 सागरी मैल, वेग 8 नॉट, म्हणजे ताशी 8 सागरी मैल; पाच तासांत पोचू. (एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर.) रस्त्यावर हा हिशेब चालतो, कारण रस्ता जागचा हलत नाही. इथे मात्र वाटच चालत असते, कधी आपल्या दिशेने, कधी उलट. तिची खोली तासातासाला बदलते आणि पुलाखालची मोकळी जागाही बदलते. म्हणून अशा प्रवासाचं नियोजन हे मुळात वेळेचं नियोजन आहे. कुठून जायचं हे नकाशा बराचसा सांगून टाकतो. कुठे किती वाजता असायचं, हे आपल्याला काढावं लागतं. इंजिन दमदार असलं की या प्रश्नातून सुटका होते, असं पुष्कळांना वाटतं. ती सुटका का होत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात चंद्रापासून करू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेवढ्या वेळात चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा त्याच जागी डोक्यावर यायला सरासरी 24 तास 50 मिनिटं लागतात. बहुतेक किनाऱ्यांवर या काळात दोन भरत्या येतात, साधारण 12 तास 25 मिनिटांच्या अंतराने. म्हणजे आज सकाळी 9 वाजता असलेली भरती उद्या दहाला दहा मिनिटं कमी असताना येते. कालची सोयीची वेळ चार दिवसांनी अगदी गैरसोयीची होते ती याचमुळे. सूर्याचा भरतीवरचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती, म्हणजे कमी चढउताराची. उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि तेवढ्याच वेळात हे सगळं व्हायचं असल्यामुळे प्रवाहही जोरात वाहतो.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. ओहोटी ते भरती या साधारण सहा तासांसाठी खलाशांचा जुना ठोकताळा आहे: एकूण चढाचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. पाणी 3 मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात ते जेमतेम 25 सेंटीमीटर वाढतं आणि तिसऱ्या तासात 75. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उथळ जागा ओलांडायची असेल तर अर्ध्या तासाचा उशीर सुरुवातीच्या तासात फारसा जाणवणार नाही, मधल्या तासांत तो दोन वीत पाण्याचा फरक करेल. दिवसाला एकच भरती असलेल्या किनाऱ्यांवर किंवा वाकड्यातिकड्या खाड्यांत हा ठोकताळा लागू पडत नाही; तिथे भरती-ओहोटीचा स्थानिक तक्ताच पाहावा.

नकाशावर लिहिलेली खोली हा प्रत्यक्षातला आकडा नसतो. तो एका ठरलेल्या नीचतम पातळीपासून मोजलेला असतो. अनेक देशांत ही पातळी म्हणजे खगोलीय कारणांनी पाणी जास्तीत जास्त जितकं उतरू शकतं ती. त्या आकड्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवली की खरी खोली निघते. पुलाची उंची मात्र उलट, भरतीच्या वरच्या पातळीपासून दिलेली असते. एकाच कागदावर दोन शून्यं, आणि दोन्ही मुद्दाम वाईटातली वाईट स्थिती धरून ठेवलेली. मला ही रचना फार शहाणी वाटते. पण ती सगळीकडे सारखी नाही: अमेरिकेत खोली रोजच्या दोन ओहोट्यांपैकी खालच्या ओहोटीच्या सरासरीपासून मोजतात. सरासरी म्हटली की काही दिवस पाणी त्याच्याही खाली जाणार हे ओघानेच आलं. नकाशाच्या कोपऱ्यातली ती बारीक ओळ वाचायलाच हवी.

भरतीचं भाकीत ही विज्ञानातली एक देखणी कामगिरी आहे. भरतीची गुंतागुंतीची चढउतार म्हणजे निरनिराळ्या कालावधींच्या साध्या लयींची बेरीज, हे ओळखून विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या भौतिकशास्त्रज्ञांनी, 1872 मध्ये कप्प्यादोऱ्यांचं यंत्र तयार करवलं. प्रत्येक कप्पी एक लय, आणि सगळ्यांवरून गेलेली दोरी त्यांची बेरीज कागदावर रेखाटणार. आज हे काम संगणक करतो, तत्त्व तेच. पण तक्त्यात येतो तो फक्त चंद्रसूर्याचा हिशेब. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे 1 सेंटीमीटर वर येते, आणि चढला की तेवढीच खाली जाते. वारा एका दिशेने बराच वेळ वाहत राहिला तर उथळ पाणी अक्षरशः एका काठाकडे ढकलतो. कडक ऊन, जमिनीकडून समुद्राकडे वारा आणि वायुभारमापकाचा काटा वर, असा छान दिसणारा दिवस उथळ वाटेसाठी वाईट असू शकतो. तक्त्यापेक्षा पाणी वीतभर कमी मिळतं.

या सगळ्याचं उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून फ्लोरिडापर्यंत बेटांच्या आडून जाणारी ही वाट नद्या, खाड्या, उपसागर आणि खोदलेले कालवे जोडून झालेली आहे. मैलांची मोजणी नॉरफोकपासून सुरू होते, आणि ते मैल जमिनीवरचे, 1609 मीटरचे. नॉटमध्ये वेग आणि या मैलांत अंतर घेऊन भागाकार केला की उत्तर चुकतं; इथले 40 मैल म्हणजे जवळपास 35 सागरी मैल. उत्तर कॅरोलिनातल्या ॲल्बमार्ल आणि पॅम्लिको या मोठ्या उथळ उपसागरांत चंद्राची भरती नाममात्र. पातळी ठरवतो तो वारा. त्याच वाटेवर जॉर्जियात पोचलं की रोज दोन मीटरहून जास्त चढउतार. एकाच प्रवासात नियोजनाची रीत पूर्ण बदलावी लागते.

बेटांच्या आडच्या वाटेवरची एक गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते, आणि ती समजली की वेळापत्रक जवळजवळ स्वतःच तयार होतं. समुद्राकडे उघडणारी दोन मुखं आहेत आणि त्यांना जोडणारी आडवी खाडी आहे, असं समजा. भरती दोन्ही मुखांतून एकाच वेळी आत शिरते. मध्ये कुठेतरी दोन्ही प्रवाह समोरासमोर येतात आणि एकमेकांना थोपवतात. पाणी थांबलं की त्यातला गाळ खाली बसतो, म्हणून अशा भेटीच्या जागा बहुधा उथळ असतात. ओहोटी लागली की पाणी त्याच मध्यापासून दोन्हीकडे परत जातं. आता पहिल्या मुखापासून अशा बेताने निघा की भरती संपता संपता मध्यावर असाल. अर्ध्या वाटेत भरती तुम्हाला आत नेईल, उरलेल्या अर्ध्यात ओहोटी पुढच्या मुखाकडे नेईल. सरकत्या जिन्यावर चालावं तसं, दोन्ही वेळा पाणी पाठीशी. शिवाय वाटेतली उथळ जागा नेमकी पाणी सगळ्यात जास्त असताना येते. वेगाला जी वेळ सोयीची, तीच खोलीलाही. उलट, खालच्या पाण्याला मध्यावर पोचलात तर आधी ओहोटी तोंडावर, मग भरती तोंडावर आणि मध्ये तळाशी गाळ. बोट तीच, अंतर तेच.

मध्यावर पोचायचं ते मात्र भरती पूर्ण होण्याच्या थोडं आधी. चढत्या पाण्यात बोट तळाला लागली तर थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात लागली तर पुढच्या भरतीपर्यंत, बारा तासांच्या आसपास, तिथेच. आणि उधाणाच्या अगदी माथ्यावर रुतली तर त्यानंतरची प्रत्येक भरती आधीपेक्षा बुटकी. तितकं पाणी पुन्हा यायला पंधरवडा लागू शकतो. जॉर्जियातल्या हेल गेट, लिटल मड रिव्हर अशा गाळाच्या जागा जाणकार चढत्या पाण्यावर पार करतात, ते यासाठी.

एक बारकावा. पाणी सगळ्यात वर असण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एकच असेल असं धरू नये. मोठ्या खाडीच्या अरुंद मुखाशी बाहेर ओहोटी सुरू झाली तरी आतली पातळी अजून खालीच असते, म्हणून पाणी आत शिरत राहतं, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. उंचीचा तक्ता आणि प्रवाहाचा तक्ता वेगळे छापतात त्यामागे हे कारण आहे.

उलटसुलट प्रवाह एकमेकांना फेडतात, हीही फसवी समजूत. 48 सागरी मैल 8 नॉटने म्हणजे 6 तास. निम्म्या वाटेत 2 नॉटचा प्रवाह पाठीशी आणि निम्म्या वाटेत समोरून असेल तर 2.4 अधिक 4, म्हणजे 6.4 तास. विरुद्ध प्रवाहात आपण जास्त वेळ अडकून राहतो, म्हणून तोटा फिटत नाही. इंधन त्यामुळे मैलांवर न मोजता तासांवर मोजावं.

मग वेग वाढवून भरपाई करावी का? पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला निसर्गाने कुंपण घातलेलं आहे. बोट स्वतःची लाट तयार करते; वेग वाढला की ती लाट लांबते, आणि तिची लांबी बोटीएवढी झाली की बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. पाण्याच्या रेषेवर 9 मीटर लांबीच्या बोटीला ही अवस्था सुमारे 7.3 नॉटला येते. त्या टप्प्यात लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत किंवा त्याहून वेगाने वाढते. 7 वरून 6 नॉटवर उतरलं तर तासाचं इंधन साधारण एक तृतीयांशाहून जास्त वाचतं आणि मैलामागचं सुमारे पाव. पाण्यावर उचलून पळणाऱ्या बोटी हे कुंपण ओलांडतात, पण त्यांना शांत पाणी आणि भरपूर इंधन लागतं. टाकीचा एक भाग जायला, एक भाग यायला आणि एक भाग राखीव, हा जुना नियम अजूनही चांगला आहे.

उथळ पाण्यात आणखी एक मर्यादा येते. तिथे लाटेचा वेग खोलीवर ठरतो: 2 मीटर पाण्यात तो सेकंदाला 4.4 मीटर, म्हणजे 8.6 नॉट. बोटीचा वेग त्याच्या जवळ गेला की तळाखालून जाणारं पाणी जोराने धावतं, तिथला दाब उतरतो आणि बोट खाली बसते, सहसा मागच्या बाजूने. गणिताने बोटीच्या तळाखाली 30 सेंटीमीटर पाणी दिसत असलं तरी वेगाच्या नादात ते संपू शकतं. मागची लाट अचानक उंच होऊन जवळ आली आणि इंजिन जड वाटू लागलं की समजावं, खाली तळ जवळ आहे. थ्रॉटल कमी करायचा.

आता ज्या गोष्टीमुळे खरोखर अपघात होतात ती. मुखातून ओहोटी बाहेर पडतेय आणि समुद्रावरून वारा आत येतोय. समोरून येणारं पाणी लाटेला अडवतं, तिची लांबी आखडते; ऊर्जा कमी जागेत कोंबली गेल्याने ती उंच आणि उभी होते. खोल पाण्यात 4 सेकंदांच्या अंतराने येणारी लाट सुमारे 12 नॉटने धावते. लाटेची ऊर्जा तिच्या निम्म्या वेगाने सरकते, आणि आखडलेल्या लाटेचा स्वतःचा वेगही घटतो; म्हणून समोरचा प्रवाह लाटेच्या मूळ वेगाच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे 3 नॉट झाला की ती ऊर्जा पुढे जाऊच शकत नाही. लाट तिथेच उभी राहते आणि फुटते. 3 नॉटची ओहोटी अरुंद मुखांत मुळीच दुर्मीळ नाही. त्यात वाळूचा दांडा असेल तर उथळपणामुळे लाट आणखी उभी होते. तेच मुख, तोच वारा, पण भरती आत येत असताना बहुधा बरंच शांत असतं. म्हणून अशी मुखं भरतीच्या शेवटच्या टप्प्यात ओलांडायची. इथे इंजिनाची ताकद कामी येत नाही. उभ्या लाटेवर वेगाने आदळणं जास्तच वाईट.

हे सगळं हाताशी असलं की नियोजन शेवटाकडून मागे करत यायचं. वाटेतल्या अशा जागा शोधायच्या जिथे वेळ आपल्या हातात नाही: उथळ दांडा, जोराचं मुख, ठरावीक वेळीच उघडणारा पूल, अंधार. त्यांतली सगळ्यात कडक जागा निवडायची, तिची वेळ आधी पक्की करायची, आणि तिथून मागे मोजत निघण्याची वेळ काढायची. बाकीच्या जागा त्या वेळेत बसत नसतील तर प्रवास दोन टप्प्यांत तोडायचा आणि मध्ये नांगर टाकायला आसऱ्याची जागा हेरून ठेवायची. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करार, सोलास, याच्या पाचव्या प्रकरणातला 34 वा नियम प्रवास निघण्याआधी आखायला सांगतो, आणि 1 जुलै 2002 पासून तो छोट्या खासगी बोटींच्या बाबतीतही विचारात घेतला जातो.

नकाशावरची दिशा आणि सुकाणूवरची दिशा एक नसते, हेही आराखड्यातच लिहावं. 6 नॉटच्या बोटीला 2 नॉटचा आडवा प्रवाह लागला तर सरळ रेषेत राहायला तिचं तोंड प्रवाह येतो त्या बाजूला सुमारे 19 अंश वळवून धरावं लागतं. बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, रंगही आधी पाहावेत: जगाच्या बऱ्याच भागात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला असतो, अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्समध्ये उजव्या.

निघाल्यावर प्रत्येक खुणेपाशी कागदावरची वेळ आणि घड्याळ ताडून पाहायचं. पहिल्याच खुणेला 20 मिनिटं उशीर झाला असेल तर पुढच्या मुखाशी तो 40 मिनिटांचा झालेला असू शकतो, कारण तोपर्यंत पाठीशी असलेला प्रवाह मंदावतो किंवा फिरतो. परतायचं की आसऱ्याला थांबायचं हा निर्णय त्या पहिल्या खुणेपाशीच घ्यावा. तिथे अजून पाणी, उजेड आणि इंधन तिन्ही शिल्लक असतात. आराखड्याची एक प्रत किनाऱ्यावर असलेल्या कुणाकडे द्यावी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची हे त्यावर लिहून. आणि मध्येच थांबायचं ठरलं तर सगळ्यात आधी त्या माणसाला कळवावं, नाहीतर निवांत नांगरलेल्या बोटीसाठी शोधमोहीम सुरू होते आणि खरंच बुडणाऱ्या दुसऱ्या कुणाला तेवढा वेळ कमी मिळतो.