वाळू बंधारा (केनिया)

हंगामी नदीच्या पात्रात कातळावर आडवी भिंत घालून तिच्यामागे वाळू आणि त्या वाळूत पाणी अडवण्याची पद्धत. नावाने फसायला होते. भिंत दगड-सिमेंटचीच असते. आग्नेय केनियातील मचाकोस, मकुएनी व किटुई या काउंटींत, म्हणजे कांबा लोकांच्या उकंबानी प्रदेशात, असे बंधारे मोठ्या संख्येने आहेत.

येथे पाऊस मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असा दोनदा येतो, पण त्याचा भरवसा नाही. आला की नदी काही तास दुथडी वाहते, मग पात्रात नुसती वाळू उरते. त्या वाळूत खड्डा करून पाणी काढण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडचा झिरा तो हाच. बाई खड्ड्यात उतरते, पाझर साचेल तसे मगाने 20 लिटरचा कॅन भरते आणि गाढवावर लादते. कोरड्या महिन्यांत पाणी खाली जाते आणि खड्डाही. बंधारा या झिऱ्याच्या पाठीशी साठा उभा करतो.

पुरातली जाड वाळू भिंतीमागे बसते, हलका गाळ वरून वाहून जातो. काही हंगामांत वाळू माथ्यापर्यंत येते. तिच्या घनफळाचा 25 ते 40 टक्के भाग कणांमधली पोकळी असतो. पाणी तिथे राहते. वरचा थर सुकला की खालच्या पाण्याला ऊन फारसे लागत नाही, डासही होत नाहीत. जागा चुकली तर मात्र सगळे वाया : पात्रात चिखलगाळ जास्त असेल तर पाणी झिरपतच नाही, आणि भिंत काठात पुरेशी आत नेली नाही तर पूर बाजूने वाट काढतो.

दगड-वाळू-पाणी वाहण्याचे काम बहुधा गावचे गट करतात. एकत्र श्रमाच्या या कांबा प्रथेला ‘म्वेथ्या’ म्हणतात. जोशुआ मुकुस्या यांनी 1978 मध्ये उतूनी येथे असाच गट उभा केला. किटुईत 1990 च्या दशकापासून ‘सासोल’ या संस्थेने शेकडो बंधारे बांधले.

आता खरा धोका दुष्काळापेक्षा ट्रकचा आहे. नैरोबीच्या इमारतींना हीच वाळू लागते, आणि वाळू गेली की पाणी धरणारी जागाच जाते. मकुएनीने 2015 मध्ये वाळू उपशावर स्वतंत्र कायदा केला.