मोफत वकील आणि त्याचे थकलेले हप्ते

सुरगाणा-पेठच्या आदिवासी पक्षकाराला मोफत वकील मागताना उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नेच तशी तरतूद केली आहे. पण डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन सनद काढलेला पोरगा नाशिक शहर सोडून त्या तालुक्यात वकिली का करेल, हे कायद्याने कधी विचारलंच नाही.

त्याचं कारण जुनं आहे. नाशिक मुंबई प्रांतात होतं तेव्हा, १९४९ मध्ये, सरकारने न्या. एन. एच. भगवती यांची विधी साहाय्य समिती नेमली. पुढे त्यांचे चिरंजीव न्या. पी. एन. भगवती आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी सत्तरच्या दशकात विषय लावून धरला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सरकारने मोफत विधी साहाय्य द्यावं असं सांगणारं कलम ३९-अ आलं, १९८७ ला कायदा झाला आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. या सगळ्या चर्चेच्या मध्यभागी गरीब पक्षकार होता, आणि ते योग्यच. वकिलाच्या घरी शेती किंवा बापाची जमलेली वकिली असणार, असं जणू धरूनच चाललं होतं.

भारतीय बँक संघटनेची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली आणि असं काही पाठीशी नसलेली मुलंही लॉ कॉलेजात दिसू लागली. पण ही योजना नोकरदार डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो. ज्युनियर मात्र तेव्हा सीनियरच्या ऑफिसात तारखा घेत असतो, हातात पेट्रोलपुरते पैसे. जुनी करप्रणाली निवडली तर व्याजावर प्राप्तिकरात सवलत आहे. करपात्र उत्पन्नच नसेल तर तिचा उपयोग काय?

अमेरिकेत हा हिशेब आधी मांडला गेला. हार्वर्डच्या लॉ स्कूलने १९७८ पासून कमी पगाराच्या लोकसेवेत गेलेल्यांच्या हप्त्यांना हातभार लावला. २००७ च्या कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करताना १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ, असं ठरवलं. २०१७ ला पहिले अर्ज आले तेव्हा नियमांच्या जाळ्यात जवळजवळ सगळेच बाद झाले, हेही लक्षात ठेवलेलं बरं. मला जास्त पटते ती साउथ डकोटा राज्याची २०१३ ची योजना. दहा हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, पाच वर्षं वकिली करा, दरवर्षी ठराविक रक्कम घ्या. तिची मोजणी राज्याच्या लॉ स्कूलच्या फीवरून होते. निम्मी रक्कम राज्य देतं, ३५ टक्के काउंटी आणि १५ टक्के वकिलांची संघटना. म्हणजे ज्यांना वकील हवा, त्यांच्याही खिशाला हात लागतो.

आपल्याकडे आंध्रने २०१९ मध्ये नव्या वकिलांना दरमहा पाच हजार रुपये देऊ केले. २०२२ पासून गरीब आरोपींचा बचाव मोफत करणारी लोकअभिरक्षक कार्यालयं आली. तिथे ठरलेलं मानधन मिळतं, पण नेमणूक कंत्राटी आणि कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. पेठचा आरोपी नाशिकलाच येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि पैसे द्यायचे सीनियरने. तालुका कोर्टातल्या किती सीनियरना महिन्याला एवढे बाजूला काढता येतील, हे तिथल्या बाररूममध्ये कुणालाही विचारा.