लक्ष्मीचा पदर: एका तसबिरीची पार्श्वभूमी

शहापूर, खासबाग आणि वडगाव या बेळगावच्या विणकर वस्त्यांतील जुन्या घरांच्या देवघरात अजूनही अधूनमधून एक तसबीर आढळते: कमळावर उभी, चार हातांची लक्ष्मी आणि मागे सोंडेत माळ धरलेला हत्ती. हीच लक्ष्मी एखाद्या चित्रकाराने यंत्रमागाशेजारी, शहापुरी साडी नेसलेली आणि वरदहस्तात सुताची कांडी घेतलेली दाखवली, तर मूळ रूपाला धक्का लागला अशी तक्रार होणे स्वाभाविक आहे. मात्र ज्याला आपण मूळ रूप म्हणतो ते किती जुने, हे आधी पाहायला हवे.

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी ही लक्ष्मी १८९६ साली रंगवली. त्यापूर्वी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली होती. त्या कामासाठी, सर्व प्रांतांना आपला वाटेल असा देवदेवतांचा वेश शोधत, रविवर्मा आपल्या धाकट्या भावासह देशभर हिंडले आणि अखेर साडीवर स्थिरावले. तंजावरच्या सोनेरी चित्रांतील किंवा चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या पोथ्यांतील देवता पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना तैलरंगातील ही हाडामांसाची, पदर घेतलेली स्त्री नवीच होती. म्हणजे आजची अभिजात लक्ष्मी तिच्या काळी आधुनिक वेशातली लक्ष्मी होती.

ती घराघरांत पोहोचली छापखान्यामुळे. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवलेला रविवर्म्यांचा शिळाप्रेस एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून एकच चित्र अनेक ठशांतून पूर्ण करी. दर्शनाला देवळात जाण्याची मुभा नसलेल्या अनेकांच्या भिंतीवर या स्वस्त ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांमुळे, देव आले. या एका गोष्टीसाठी छपाईच्या भडकपणाकडे काणाडोळा करावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

धर्मचित्राला चालू काळाचे कपडे चढवण्याचा वाद अन्यत्रही जुनाच आहे. व्हेनिसमध्ये १५७३ साली चित्रकार पाओलो व्हेरोनेझे याला ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनात विदूषक, कुत्रा आणि जर्मन शिपाई का घातले, याचा जाब धर्मन्यायालयाने विचारला. त्याने चित्र न बदलता केवळ चित्राचे नाव बदलून सुटका करून घेतली. आपल्याकडे २०२० साली चेन्नईचे छायाचित्रकार जी. वेंकट राम यांनी आजच्या अभिनेत्रींना घेऊन रविवर्म्यांची चित्रे छायाचित्रांत पुन्हा उभी केली, तेव्हा उलट वाट धरली गेली: माणसे आजची, वेश जुना.

बेळगावला वास्तवदर्शी चित्रकलेचा वारसा आहे, चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे येथेच शिकलेले चित्रकार रवी परांजपे त्याचे ठळक उदाहरण. तरीही या विषयाचा सर्वांत बोलका पुरावा मला चित्रशाळेत नव्हे, वडगावच्या एका घरात मिळाला. तसबिरीतल्या लक्ष्मीच्या साडीवर खरे कापड चिकटवलेले होते, मुकुटावर टिकल्या होत्या आणि पदराला जरीचा काठ. छापील चित्रे अशी सजवण्याची रीत पूर्वी इतरत्रही होती. हा काठ मात्र घरच्याच मागावरचा, साडी उतरवल्यावर उरलेला तुकडा होता, असे त्या घरातल्या आजींनी सांगितले आणि काच पुसून तसबीर पुन्हा खुंटीला लावली.