टीआयएल मोजायचे तरी कुठे? मागचा इतिहास

टीआयएल म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरच्या गाठीत अन् भोवती जमणाऱ्या लिम्फोसाइट्स, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अन् त्या नेमक्या कुठे मोजायच्या हा घोळ समजायला जरा मागे जावं लागतं. बी अन् माती हे विदर्भात कुणाला समजवायची गरज नाही, त्यामुळे १८८९ सालचं लंडनच्या एका सर्जनचं म्हणणं आपल्याकडे लगेच पटतं. ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ पेशंटच्या नोंदी त्याने चाळल्या, तर लिव्हरमध्ये गाठी २४१ जणींना अन् प्लीहेत फक्त १७, म्हणजे कॅन्सरचं बी उडतं सगळीकडे पण रुजतं ते ज्या अवयवाची माती मानवेल तिथेच. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष सुरी कुठवर चालवायची याच्याकडे, छातीच्या स्नायूंसकट स्तन काढायची पद्धत जोरात होती, मग माती राहिली बाजूला. १९४९ मध्ये मेड्युलरी कॅन्सर नोंदवला गेला, पेशी दिसायला भयंकर पण भोवती लिम्फोसाइट्सची गर्दी अन् पेशंट बऱ्या राहतात. १९८६ मध्ये कुणी म्हटलं की ट्यूमर म्हणजे न भरणारी जखम, भोवतालची माती जखमेसारखीच सतत चाळवलेली. बरं ते असो.

खरा घोळ २०१४ चा. जगभरचे पॅथॉलॉजिस्ट बसले अन् ठरवलं की टीआयएल मोजायचे ते स्ट्रोमामधले, म्हणजे कॅन्सर पेशींच्या मधल्या तंतुमय आधाराच्या भागातले, कॅन्सर पेशींच्या झुंडीत शिरलेले नाही. आता नावातच 'ट्यूमरमध्ये घुसलेले लिम्फोसाइट्स' आहे अन् मोजायचे न घुसलेले, हे काय आहे बाप्पा? पण कारण होतं. आत शिरलेले असतात थोडे, साध्या एच अँड ई, म्हणजे रोजच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या स्लाइडवर नीट ओळखू येत नाहीत, दोन जणांचं जुळत नाही. स्ट्रोमात मात्र गुलाबी तंतूंमध्ये मोहरी सांडल्यासारखे निळे-काळे ठिपके सरळ दिसतात, तिथली किती टक्के जागा त्यांनी अडवली तेवढं सांगायचं, सडलेला भाग सोडायचा अन् हॉटस्पॉट म्हणजे सगळ्यात गर्दीची जागा न धरता सरासरी घ्यायची. तरी आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये एकाच स्लाइडवर सर २० म्हणतात अन् मॅडम ४०, चहा थंड होईपर्यंत वाद.

माझ्या मते निर्णय व्यवहाराला बरोबरच होता, पण त्यात पेशी नेमकी कुठे आहे ही माहिती गेली. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर अन् HER2 तिन्ही नसलेला प्रकार) टीआयएल जास्त तर केमोला रिस्पॉन्स चांगला अन् पेशंट जगतातही जास्त, ल्युमिनलमध्ये (हार्मोन रिसेप्टर असलेला प्रकार) जगण्याचं तेच गणित लागत नाही, २०१८ च्या मोठ्या आकडेवारीत रिस्पॉन्स तिथेही वाढला पण जगण्याचं उलटंच दिसलं. नंतर एकाच स्लाइडवर तीसेक प्रोटीन एकदम बघायची सोय आली अन् कळलं की कोण कोणाच्या शेजारी बसलंय यावर बरंच अवलंबून आहे, स्ट्रोमाचे तंतू बनवणाऱ्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्टसुद्धा सगळे एका जातीचे नाहीत, काही दाट तंतू विणतात तर काही सूज वाढवणारे सिग्नल सोडतात. २०१९ मध्ये ट्रिपल निगेटिव्हचे तर सरळ प्रकारच पाडले, टी-सेल्स (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) ट्यूमरच्या कडेलाच अडकलेले, स्ट्रोमात थांबलेले अन् आतपर्यंत पोचलेले. २०२१ पासून त्याच ट्रिपल निगेटिव्हला सुरुवातीच्या स्टेजला पण केमोसोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच लढणाऱ्या पेशींना कामाला लावणारं औषध आलं, म्हणून ही शेजारपाजारची चौकशी आता जास्तच होते.

आमच्या रिपोर्टात अजून एकच ओळ जाते, स्ट्रोमल टीआयएल ३० टक्के. ते आत शिरलेत की कुंपणावरच बसलेत, त्याला रकानाच नाही.