ड्रीमकास्टने सेगाला बुडवलं? हिशेब आधीच बिघडला होता

'ड्रीमकास्ट पडला, पायरसी झाली, म्हणून सेगाने कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं) बनवणं सोडलं' हे सेगा या जपानी गेम-कंपनीबद्दल आणि ड्रीमकास्ट या तिच्या शेवटच्या कन्सोलबद्दल गेली वीसेक वर्षं ऐकू येतं. ते अर्धवट आहे, आणि ड्रीमकास्टवर अन्याय करणारं आहे.

मूळ दुखणं १९९४-९५ चं. अमेरिकेत नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने आपल्या जुन्या जेनेसिस कन्सोलला जोडायचा ३२एक्स हा जोडभाग विकला आणि मे १९९५ मध्ये, ठरल्या तारखेच्या चार महिने आधी, अचानक सॅटर्न हा नवा कन्सोल आणला, तोही मोजक्याच दुकानांत. वगळलेले दुकानदार चिडले. केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. गेम बनवणाऱ्यांची तयारी नव्हती. सॅटर्न ३९९ डॉलरला, तर सोनीने प्लेस्टेशनची किंमत जाहीर केली २९९. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर असल्याने त्यासाठी गेम लिहिणंही किचकट होतं. इथे ग्राहक, दुकानदार आणि गेम-कंपन्या, तिघांचाही विश्वास गेला.

म्हणून ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत १९९ डॉलरला आलेला ड्रीमकास्ट जोरात खपला, तरी ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) सारखी मोठी गेम-कंपनी त्यासाठी गेम बनवायला आलीच नाही. मागचा तोटा डोक्यावर, त्यात २००० मध्ये किंमत १४९ वर आणावी लागली. समोर डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २.

पायरसीची वाट खरी होती: एमआयएल-सीडी या, खरं तर गाण्यांच्या खास सीडींसाठी ठेवलेल्या सोयीतून साध्या सीडीवर उतरवलेले चोरीचे गेम चालत. पण ती २००० च्या मध्यात उघडी पडली आणि ३१ जानेवारी २००१ ला उत्पादन थांबवण्याची घोषणा झालीही. एवढ्या अवधीत कंपनी रिकामी होत नाही.